दारावरच्या गणपतीचा डावा डोळा

नव्या घराच्या दारावर काय लावायचं यावरून मी घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. सोळा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर रोह्याला नदीपलीकडे, अष्टमी गावात, आमचा फ्लॅट झाला. आता दार तरी माझ्या मनासारखं नको? पितळी घंटांचं तोरण आणलं, नावाची पाटी दोनदा बदलून घेतली. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की म्हणायचा, "आपल्याला आत राहायचंय की दारातच?" मी तोरणाच्या घंटा पुसत राही.

चौकटीवरचा गणपती मात्र बाबांच्या हातचा, हे ठरलेलंच होतं. बाबा पेणचे. उभा जन्म त्यांनी तिथल्या कारखान्यांतून गणपतीचे डोळे आखले. बाकीचं रंगकाम चौघंजण करतात, पण डोळ्यांची आखणी ज्याच्या त्याच्याकडे देत नाहीत. बाबांनी माझ्यासाठी शाडूची वीतभर मूर्ती केली, रंगवली, आणि एका सकाळी डावा डोळा आखला. असा आखला, की आई चहा घेऊन आली ती कप हातात धरून उभीच राहिली.

उजवा काही होईना. वर्षभरापासून त्यांचा हात थरथरत होता. डावा कसा साधला, त्यांचं त्यांना ठाऊक. रोज फोन केला की "उद्या करतो गो" एवढंच. वास्तुशांतीला चार दिवस उरले तेव्हा मी तणतणत पेणला गेले. मूर्ती पाटावर, ब्रश पाण्यात, आणि बाबा नुसते बसलेले.

"बाबा, एक डोळा आखायला महिना लागतो का हो?" मी ओरडले.

त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला. तो तसा का घेतला हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं आता कोणत्या तोंडाने म्हणू? तरी मी मूर्ती टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. ते एवढंच म्हणाले, "दोन दिवस दे." मी दिले नाहीत.

गल्लीच्या टोकाला दुसरा कारखाना होता. तिथला आखणी करणारा बाबांच्याच हाताखाली शिकलेला. मूर्ती बघून तो मागे सरकला. "ताई, एका देवाचे डोळे दोन माणसांच्या हातांनी आखत नाय. तुम्हाला सांगायला पायजे?"

"मला शिकवू नका. आखा," मी म्हटलं. बिचाऱ्याने आखला. वडखळला गाडी तासभर अडकली, तेवढा वेळ मूर्ती माझ्या मांडीवर होती आणि मी एकदाही टॉवेल उघडला नाही.

वास्तुशांतीला दाराचं सगळ्यांनी कौतुक केलं. तोरण, रांगोळी, गणपती, सगळ्याचे फोटो काढले. बाबा वर बघून हात जोडून आत आले, जेवले, विडा खाल्ला. निघताना उंबऱ्यात थांबले.

"उजवा कुणी आखला?"

मी सांगितलं. मुहूर्त, पाहुणे, काय काय सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगला आखलाय. हात बसलाय त्याचा. आता माझा पुसून टाक. त्यालाच दोन्ही आखू दे. देवाची नजर एक हवी गो."

"मी नाही पुसणार!" पाहुण्यांसमोर मी असं ओरडले की भटजीसुद्धा बाहेर आले. बाबा "बरं" म्हणाले आणि चपला घातल्या.

त्यानंतर त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. घरातले सगळे ब्रश देऊन टाकले, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. शुद्धीवर होते त्या शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, "पुसलास ना गो?"

"पुसला, बाबा. त्यानेच दोन्ही आखले."

"फोटो दाव."

"फोन बंद पडलाय," मी म्हणाले. फोन माझ्या हातात होता आणि त्यावर नवऱ्याचा मेसेज आलेला दिसत होता. बाबांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

आजवर दारातून आलेल्या एकालाही दोन डोळ्यांतला फरक दिसलेला नाही. मला रोज दिसतो. बाबांच्या आखणीचा रंग तेवढा पाण्याचा आहे, ओल्या फडक्याने मिनिटात निघेल. बाबांनी माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून दोनदा फडकं भिजवून स्टुलावर चढले. दोन्ही वेळा देवाची सोंड तेवढी पुसली आणि रडत खाली उतरले.