डेब्रेक म्हंजे दिवस मोडला

माझ्या नवऱ्याला इंग्रजी येत होतं. म्हणजे, त्यांचं तसं म्हणणं होतं. इंग्रजीच्या दोन यत्ता झालेल्या, आणि तेवढ्यावर अख्ख्या पिंपरी गावात मिरवायचे.

आमचं नुकतंच लग्न झालेलं. गावाबाहेरच्या माळावर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथं काम लागलं तर ठीक, नाहीतर हे मुंबईला गिरणीत जाणार आणि मी सासूसासऱ्यांपाशी राहणार, असं घरात ठरून गेलेलं. मला ते मुळीच नको होतं. पण नव्या नवरीनं बोलायचं कुणाजवळ?

एका दुपारी बांधकामावरच्या मद्रासी साहेबानं यांना आणि गावातल्या आणखी दोघांना उभ्याउभ्याच सांगितलं, "टुमारो, डेब्रेक, गेट!" यांनी वाटेतच त्या दोघांना आणि घरी येऊन मला अर्थ समजावला.

"डे म्हंजे दिवस. ब्रेक म्हंजे मोडणं. दिवस मोडला, मावळला, की जायचं. रातपाळी असंल."

"दिवस मावळल्यावर कोण माणसं घेतंय कामावर?"

"इंग्रजी तुला येतं का मला?"

मी आपली चुलीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडत होते. सासरे गोठ्यातून ओरडले, "पोरी, तांबडं फुटलं की! उठीव त्याला, वैरण टाकायचीय."

खराटा हातातून गळाला. फुटलं! अगं बाई! आत धावले न् यांच्या अंगावरची वाकळ ओढली.

"अहो, कपबशी फुटली तर साहेब काय म्हणंल?"

"ब्रेक," हे झोपेतच म्हणाले.

"मग उठा की! साहेबाचा दिवस मोडत न्हाई, फुटतोय!"

"आयला, व्हय की गं!" म्हणत हे सदऱ्याची बटणं लावतच पळाले. तोंडसुद्धा धुतलं नाही. दिवसभर माझा जीव टांगणीला. भाकरीही गोड लागेना.

संध्याकाळी सिमेंटनं पांढरेफटक होऊन आले आणि दारातच हसायला लागले. काम लागलं होतं! मुंबई टळली म्हणून मला तर रडूच फुटलं. हे मात्र पोट धरून हसत होते. कामावरून सुटून गेटबाहेर पडतात, तर ते दोघे गाववाले समोरून येत होते. धुतलेली धोतरं, डोक्याला तेल, कपाळाला गंध. साहेबानं पुढं त्यांनाही घेतलं म्हणा. पण त्या वेळी यांना बघून दोघांना अगदी हायसं वाटलं.

"बरं झालं राव, तूबी आलास," एक जण म्हणाला. "आमाला वाटलं, आमीच लवकर आलो."