मेरू ओढून घेणाऱ्या बायका

कुमुदिनीबाई ओगले हट्टी होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन त्या पुण्याहून जपानला आल्या. तेही तोक्योत नाही, योकोहामात नाही, तर पार उत्तरेला, आओमोरीच्या बर्फात. नवरा सदानंद सफरचंदाच्या झाडांच्या रोगांवर संशोधन करायचा. हिरोसाकीहून बसने अर्ध्या तासावर ओनोसावा नावाचं खेडं होतं. चाळीसेक घरं, चहूकडे सफरचंदाच्या बागा आणि मधोमध एक बुद्धाचं देऊळ. नोव्हेंबर संपता संपता बर्फ पडायला लागायचं ते एप्रिल उजाडला तरी हटायचं नाही. पोरगी एका हिवाळ्यात परत येते की नाही बघा, असं सासरच्या मंडळींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाईंनी तिथे सत्तावीस हिवाळे काढले.

त्या देवळात बायकांचं एक मंडळ होतं. डिसेंबर ते मार्च बागेत काम नसतं, म्हणून या चार महिन्यांत दर सोळा तारखेला दुपारी एक वाजता बायका जमायच्या. जिच्याकडे त्या महिन्याचं काम असेल तिने आधी येऊन पायऱ्यांवरचं बर्फ ओढायचं, रॉकेलची शेगडी पेटवायची आणि पेटीतून माळ बाहेर काढायची. ही माळ म्हणजे गळ्यात घालायची नव्हे हं! हजारावर मणी, एकेक बोराएवढा. सगळ्यांनी गोल करून बसायचं, माळ सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरवून घ्यायची आणि 'नामु अमिदा बुत्सु', म्हणजे अमिदा बुद्धाला नमस्कार, असं म्हणत शेजारणीच्या हातात सरकवत राहायची. त्यात एक मणी लिंबाएवढा मोठा. तो हातात आला की कपाळाला लावायचा आणि पुढे द्यायचा. तासाभराने माळ पेटीत, आणि मग चहा, मुळ्याचं लोणचं आणि अख्ख्या गावाची उणीदुणी. खरं सांगायचं तर बऱ्याच जणी या शेवटच्या भागासाठीच यायच्या.

कुमुदिनीबाई वीस वर्षं या भानगडीत पडल्या नाहीत. आपला देवघरातला गणपती बरा, असं त्यांचं म्हणणं. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत सदानंद गेला. सकाळी दारातलं बर्फ काढायला म्हणून फावडं घेऊन बाहेर पडला, तो परत आत आलाच नाही. मुलगा निहार तेव्हा तोक्योत नोकरीला होता. तो आला, दहा दिवस रडला, गेला. पण त्याआधी सातव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर आठ बायका उभ्या होत्या, डोक्याखांद्यावर बर्फ, आणि सगळ्यांत पुढे शेजारच्या बागेतल्या चियो-सान, हातात ती माळेची पेटी. बोलावलं कोणी नव्हतं. गावात माणूस गेलं की सातव्या दिवशी माळ त्याच्या घरी येते, एवढंच. ओगले-सान परदेशी, म्हणून त्यांना वगळायचं, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

बाईंना गोलात बसवलं. माळ फिरायला लागली. बाईंच्या हातांना जपमाळेची सवय लहानपणापासूनची, बोटं आपसूक चालू लागली. आणि मग तो मोठा मणी त्यांच्या हातात आला.

आता आपल्याकडे मेरुमणी ओलांडत नाहीत, हे कोणाला सांगायला नको. मेरू आला की माळ उलटी फिरवायची. आईने हातावर चापट मारून शिकवलेलं ते. बाईंनी सवयीने काय केलं, माळ उलटी ढकलायला सुरुवात केली! उजवीकडून चियो-सान पुढे ओढतायत, बाई मागे ढकलतायत, माळ ताठ झाली, समोरच्या फुमी-सानच्या मांडीवरून सटकन वर उचलली गेली. जप थांबला. नवऱ्याच्या सातव्या दिवशी ही काय रस्सीखेच मांडली, असं वाटून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही मणी सोडेना. ओलांडला आणि सदानंदासाठी केलेला सगळा जप वाया गेला तर? रडत रडत, मोडक्यातोडक्या जपानीत त्यांनी सांगितलं, की आमच्यात हा ओलांडणं पाप आहे, मी नाही ओलांडणार.

चियो-सान सत्तरीला आलेल्या, चेहऱ्यावर कधी हसू नाही. त्यांनी माळ ओढायची थांबवली.

"मग तू ओलांडू नकोस," त्या म्हणाल्या. "तू नुसती थांब. आम्ही ओढून घेतो. पाप आमच्याकडे."

बाईंनी मणी कपाळाला लावला, हात सैल सोडले. चियो-साननी हळूच तो आपल्याकडे ओढून घेतला आणि माळ पुढे चालू लागली. सदानंद गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा बाईंना जेवण गेलं.

पुढची सहा वर्षं हाच रिवाज पडला. मेरू बाईंपाशी आला की सगळ्या जणी थांबायच्या. बाई डोळे मिटायच्या, सदानंदाला आठवायच्या, मग चियो-सान मणी ओढून घ्यायच्या. चहाच्या वेळी त्यावरून थट्टा ठरलेली. फुमी-सान तर भारी चावट. "कुमी-सान, तुझ्यामुळे आमची दर वेळी पाच मिनिटं जास्त जातात, अमिदा बुद्ध तुझ्याकडून वसूल करील," म्हणायच्या. कुमुदिनी म्हणायला जड, म्हणून त्याचं त्यांनी कुमी केलं होतं. बाईही कमी नव्हत्या. लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी पुढे करून त्या सगळ्यांची तोंडं बंद करायच्या.

मग आला तो दोन हजार अकराचा मार्च, भूकंपाचा आणि त्सुनामीचा. ओनोसावात घरं हलली, कपाटं पडली, दोन दिवस वीज नव्हती. पण माणसं सुखरूप होती. त्या महिन्याचं देवळाचं काम बाईंकडे होतं, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. फुमी-सानची धाकटी बहीण इवातेच्या किनाऱ्यावर राहायची, तिचा पत्ता लागत नव्हता. चियो-सान घरोघर फिरून सांगून आल्या, की सोळा तारखेची माळ किनाऱ्यावरच्या लोकांसाठी, कोणी चुकवायची नाही.

चौदाला निहारचा फोन लागला. तो आता तोक्योजवळ उरायासूत होता, बरोबर बायको चैत्राली आणि दोन वर्षांचा मुलगा पार्थ. तिथली जमीन भूकंपात फुटून चिखल वर आलेला, नळाला पाणी नाही, वर फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या. कंपनी सगळ्यांना भारतात पाठवत होती.

"आई, उद्याचं तोक्योला हानेदाचं विमान बुक केलंय तुझं. प्लीज, आर्ग्यू करू नकोस. मी तुला तिथे सोडून जाणार नाही. तू नाही आलीस तर मीही नाही जात आणि पार्थही नाही."

आता यावर कोणती आई काय बोलेल? बाईंनी बॅग भरली. चियो-सानकडे जाऊन सांगायला हवं होतं. फाटकापर्यंत गेल्यासुद्धा. आत फुमी-सानच्या रडण्याचा आवाज येत होता आणि चियो-सान त्यांना काहीतरी समजावत होत्या. या दोघींसमोर उभं राहून 'मी निघाले' म्हणायचं? बाईंचा धीरच झाला नाही. त्यांनी देवळाची किल्ली एका पाकिटात घातली, वर 'मुलाने बोलावलं आहे, क्षमा करा' असं लिहिलं आणि चियो-सानच्या टपालपेटीत सोडून काढता पाय घेतला. सत्तावीस वर्षांचा निरोप तो एवढाच.

पुण्यात भावाकडे तीन महिने गेले. भर उन्हाळा, आंबे, येणारेजाणारे. जो तो म्हणे, बरं झालं बाई सुटलीस त्या नरकातून. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नरक? मुळ्याचं लोणचं, शेगडीवर वाळत घातलेले हातमोजे, बर्फातून एकमेकींचा हात धरून घरी जाणं, हे नरक? पण बोलणार कोणत्या तोंडाने! आपणच तर पळून आलो. सोळा तारीख आली की दुपारी एक वाजता बाई घड्याळाकडे बघायच्या. उन्हाळ्यात माळ नसतेच, हे माहीत असूनही बघायच्या.

जूनमध्ये निहारबरोबर त्या उरायासूला परतल्या. तिथे काही कमी नव्हतं. शेजारी चार मराठी कुटुंबं, गणपती, दिवाळी फराळ. पार्थ आजीने गोष्ट सांगितली की जपानीत प्रश्न विचारायचा, आणि त्याच्या तोंडून ते शब्द ऐकून बाईंना ओनोसावाचीच आठवण यायची. निहार म्हणायचा, "आई, ते घर देऊन टाकू. बाबा नाहीत आता. तिथे कोण आहे तुझं?" बाईंकडे उत्तर होतं, पण ते द्यायचा हक्क आपण गमावला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी चियो-सानना फोन केला नाही. चियो-सानचाही आला नाही. नऊ महिने फोनकडे बघून बघून बाई झुरल्या.

डिसेंबरात एक करड्या किनारीचं कार्ड आलं. घरात मृत्यू झाल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, असं कळवणारं छापील कार्ड, फुमी-सानचं. खाली हाताने एकच ओळ होती: बहीण सापडली नाही, तरी या हिवाळ्यात तिच्या नावाने माळ फिरवतो आहोत.

ये असं लिहिलं नव्हतं. येऊ नको असंही लिहिलं नव्हतं. बाईंनी ते कार्ड चैत्रालीला दाखवलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं, किल्लीच्या पाकिटासकट. चैत्राली ऐकून घेऊन म्हणाली, "आई, तुम्ही जाऊन या. निहारचं मी बघते. त्यांनी हाकललं तर हाकललं, पण इथे बसून असं किती दिवस कुढणार तुम्ही?"

दोन हजार बाराच्या जानेवारीत, सोळा तारखेला, बाई पहिल्या शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने निघाल्या. पिशवीत लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी. सेंदाईच्या पुढे बर्फ सुरू झालं. सगळ्या प्रवासात त्या माफीची वाक्यं पाठ करत होत्या. आपली जागा आता नसणारच, हे त्या धरूनच चालल्या होत्या. एखादी बाई गेली की बसायच्या उश्या जवळ सरकवून गोल लहान करायचा, हा तिथला नियम. आपल्याला दाराशी बसू दिलं तरी पुष्कळ झालं.

हिरोसाकीहून निघालेली बस बर्फामुळे पाऊण तास उशिरा पोचली. बाई घरीसुद्धा गेल्या नाहीत, तशाच बॅग ओढत देवळात आल्या. आतून 'नामु अमिदा बुत्सु' ऐकू येत होतं. बुटांच्या रांगेत चियो-सानचे तपकिरी गमबूट ओळखू आले. त्यांनी दार सरकवलं.

जप चालूच राहिला. कोणी उठलं नाही. फुमी-सान वर्षभरात पार वाळल्या होत्या, त्यांनी नुसतं एकदा वर बघितलं. चियो-सानच्या डाव्या हाताला एक उशी रिकामी होती. चियो-साननी मान न वळवता ती उशी दोनदा थोपटली.

बाई कोटासकट जाऊन बसल्या. माळ मांडीवर आली. बाईंची बोटं मणी सरकवू लागली. उशी ठेवलीय, पण ती कदाचित दुसऱ्या कोणाची असेल, कोणी आज आली नसेल, असं काहीबाही मनात येत होतं. समोरून मेरू सरकत सरकत जवळ येताना दिसला आणि बाईंनी ठरवून टाकलं. आज थांबायचं नाही. ज्या बायकांना आपण ऐन वेळी टाकून गेलो, त्यांनी आता आपल्यासाठी थांबायचं? कोणत्या हक्काने? पाप लागायचं तर लागू दे.

मेरू हातात आला. बाईंनी तो घाईघाईने कपाळाला टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पुढे सरकवला.

तो पुढे गेला नाही. चियो-सानचे हात मांडीवर उलटे पडले होते. फुमी-सानचेही. सगळ्यांचेच. नऊ जणींचा जप एकाच क्षणी थांबला होता आणि सगळ्या डोळे मिटून बसल्या होत्या. बाईंना आधी वाटलं, आपल्याला शिक्षा चालली आहे. मग त्यांचं लक्ष गेलं, की आपल्या डावीकडची जी तरुण सून मंडळात नवी आली होती, जिने बाईंना कधी पाहिलंही नव्हतं, तिनेसुद्धा न सांगता हात थांबवले होते. या पोरीला कोणी शिकवलं? कधी शिकवलं?

"मार्चपासून असंच करतो," समोरून फुमी-सान डोळे मिटूनच म्हणाल्या. "तुझ्या उशीपाशी थांबतो. पाच मिनिटं अजून जातातच आमची."

बाईंना हुंदका आवरेना. "मी किल्ली टाकून पळून गेले, चियो-सान. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही."

"पाकीट मिळालं," चियो-सान म्हणाल्या. "हात सोड आता. तू कशाला पुढे सरकवतेस? ओढून घ्यायचं काम आमचं आहे."

बाईंनी हात सैल सोडले. डोळे मिटून सदानंदाला आठवलं, आणि आज पहिल्यांदा फुमी-सानच्या न सापडलेल्या बहिणीलाही. मग चियो-साननी मेरू हळूच आपल्याकडे ओढून घेतला.