संगमरवरावरची चीर

लाइट गेल्यावर मेणबत्तीचा वास आला, की दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली एक दुपार आठवते. शेजारच्या म्हाताऱ्या मॅडम परदेशातल्या लेकाकडे जाताना सासूची मेणबत्त्या लावायची फ्रेंच शमादानं, सोनेरी मुलाम्याची जोडी, आईकडे ठेवून गेल्या होत्या. काही वर्षांनी त्या ती न्यायला आल्या. आईनं त्यांच्यासमोर ती गुंडाळलेली गोधडी उलगडली, तर एकाच्या संगमरवरी बैठकीला चीर. आईच्या तोंडचं पाणी पळालं. “मॅडम, आमी कुणी हातबी न्हाई लावला वो.” मॅडमनी चिरेवरून बोट फिरवलं. “ही माझ्या लग्नातली. नवरा नाचताना धडकला होता.” आई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. आता कुणी माझ्याकडे काही ठेवायला आणलं, की मी आधी त्यांच्यादेखत ते चहूबाजूंनी पाहून घेते.