पासाचा दुसरा दिवस

मथुरा मयेकरचा नवरा जन्मभर बोटीवर होता, पण ती स्वतः धोपाव्याच्या फेरीबोटीपलीकडे कधी कुठल्या बोटीत बसली नव्हती.

लग्न होऊन ती दाभोळला आली तेव्हा रावजी मयेकर तेलाच्या जहाजावर खलाशी होते. पुढे ते बोसन झाले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आणि वाडीत सगळे त्यांना आप्पा म्हणू लागले. वर्षाचे बहुतेक महिने ते समुद्रावर आणि मथुरा इकडे. सासूचं आजारपण, माडांचं शिंपण, भाताची लावणी, लेक अक्षयाची शाळा, सगळं तिने एकटीने ओढलं. आप्पा घरी आले की पहिले काही दिवस पाहुण्यासारखे वागायचे. पाण्याचा तांब्या कुठे आहे तेसुद्धा विचारायचे. जरा रुळतात न रुळतात तोच कंपनीचं बोलावणं यायचं.

मुळात माणूस अबोल. कुठेकुठे जाऊन आलात असं विचारलं की म्हणायचे, "पाणीच असतं गो सगळीकडं." शेजारणींना वाटायचं, मथुरेचा नवरा जग फिरतो. खरं तर आप्पांनी जग लांबूनच पाहिलं होतं. तेलाचं जहाज शहराबाहेरच्या कुठल्यातरी धक्क्याला लागतं, रिकामं होतं नि निघतं. सिंगापूरला तर त्यांचं जहाज कितीदा तरी थांबलं असेल, पण ते इंधन घ्यायला, किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून. समोर उंच उंच इमारती दिसायच्या. पाय कधी लागला नाही.

आप्पा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मथुरेला वाटलं, आता कुठे संसार सुरू झाला. काही वर्षं गेलीही तशी. सकाळी दोघं मिळून माडांना पाणी लावत, संध्याकाळी आप्पा धक्क्यावरून मासळी आणत. मग एके दिवशी ते मासळी आणायला म्हणून गेले आणि फेरीबोटीत बसून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरले. कशाला आलो ते त्यांना सांगता येईना. बोटीवरच्या माणसाने ओळखलं आणि परतीच्या फेरीत घरी आणून सोडलं. पिशवी तशीच घडी घातलेली हातात होती. त्यानंतर एकेक सुरू झालं. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. शेजारच्या विनोदला ते त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारू लागले. गाठी मात्र विसरले नाहीत. पडवळाचा मांडव असो की कपड्यांची दोरी, हात आपोआप चालायचे.

अक्षया लग्नानंतर रत्नागिरीला राहत होती. तिने आप्पांना तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार मागे फिरत नाही. औषधाने जरा हळू चालेल, एवढंच. त्यांच्यासोबत काही करायचं राहिलं असेल तर आता करून घ्या."

परत येताना गाडीने गुहागर मागे टाकलं तेव्हा मथुरा अक्षयाकडे वळली. आप्पा पुढच्या सीटवर झोपले होते.

"सिंगापूरला जाव या," ती म्हणाली.

अक्षयाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"जिथं ह्यांचं जहाज थांबायचं तिथं. ह्यांना एकदा उतरून बघूंदे. नि मलाही बघायचं हाय. माणूस जिथं होता ते तरी बघते."

अक्षयाने आधी बरीच कारणं सांगितली. आप्पांना झेपणार नाही, विमानात बिथरले तर काय, तुझा पासपोर्टसुद्धा नाही. मथुरेने काही वाद घातला नाही. फक्त पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच फोन करून विचारलं, "त्या पासपोर्टाला फोटो कसला लागतो?" तेव्हा अक्षया काय ते समजली.

दापोलीत मृणालीचं प्रवासाचं ऑफिस होतं. तिच्याकडून अष्टविनायकाच्या आणि काशीच्या गाड्या जायच्या, मधूनमधून कुणी परदेशीही. तिने मथुरेला खुर्ची दिली, आप्पांना दुसरी, आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काकी, तिथे एक पास मिळतो. दोन दिवसांचा. एकच पास सगळीकडे चालतो, प्रत्येक ठिकाणी वेगळं तिकीट काढायला नको. मात्र पहिल्या फाटकावर दाखवलात की तो सुरू झाला. मग दोन दिवसांत जेवढं बघाल तेवढं तुमचं."

"नि नाय झालं तर?"

"राहिलं ते राहिलं."

घरी येऊन मथुरेने बेत आखायला घेतला. मृणालीने ठिकाणांचे फोटो छापून दिले होते. काचेच्या छपराखालची बाग, मत्स्यालय, पक्ष्यांचं उद्यान, नदीतली बोट, आभाळात जाणारा मोठा पाळणा, केबलची गाडी. तिला सगळंच हवं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी मागायला घेतलं होतं आणि त्यातलं काही सोडवेना. अक्षया फोनवरून एकेक कमी करायची. तिथे फार चालावं लागतं, इथे गर्दी, तिथे स्वच्छतागृह लांब. दुसऱ्या दिवशी मथुरा पुन्हा त्यातलं एखादं आत घुसवायची.

एका सकाळी आप्पा पडवीत दोरी वळत बसले होते. मथुरा फोटो पुढ्यात पसरून त्यांच्याशी बोलत होती. ते ऐकतायत का नाही, हे बघायचं तिने सोडलं होतं.

"मत्स्यालय ठेवते हो. नाय तर काढू? रोज धक्क्यावर मासेच बघतो आपण."

"ते मेलेले," आप्पा म्हणाले. "जिते बघू एकदा."

मथुरेने मान वर केली. आप्पांनी दोरी बाजूला ठेवली होती आणि डोळ्यांत पूर्वीची ओळख होती.

"काय करतंस हे?"

तिने पासाचं सांगितलं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, फोटो एकाशेजारी एक लावले. "असा गोंधळ नको गो. बोटीवर कसं, पाळ्या लावायच्या. सकाळची पाळी बाहेरची, बागेची. दुपारी उन्हात काम नाय, तेव्हा माशांकडं, आत गार असतं. संध्याकाळी बोट. पाळणा दुसऱ्या दिवशी, डोकं ताजं असताना. एका दिवशी तिनावर नाय न्यायचं माणसांना. थकलेला माणूस घसरतो." ते हसले. मथुराही हसली. जेवायला बसेपर्यंत ते तिच्याबरोबर होते. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे फोटो कसले?"

बेत मात्र मथुरेने त्यांनी लावला तसाच ठेवला. त्यात नंतर एक ठिकाणही घातलं नाही.

पाऊस संपून हवा निवळल्यावर तिघं गेली. अक्षयाचा नवरा सुजय मुलांपाशी राहिला. विमानात आप्पा खिडकीला कपाळ लावून शांत बसले. बागेच्या फाटकावर अक्षयाने मोबाइलमधला पास दाखवला, दार सरकलं आणि पहिला दिवस सुरू झाला. काचेखाली डोंगराएवढी हिरवाई आणि तिच्यावरून पाणी पडत होतं. आप्पा पाण्याखाली हात धरून उभे राहिले. मत्स्यालयात त्यांनी मथुरेचा पदर ओढून तिला पंखांसारखे कल्ले हलवणारी चपटी पाकट मासळी दाखवली, "बघ, कशी उडतेय." संध्याकाळी नदीतल्या बोटीत चढताना मथुरेचा पाय डळमळला तेव्हा त्यांनीच हात दिला. "मधे बस. कडेला बसू नको." बोट पुलाखालून जात असताना मथुरेला वाटलं, डॉक्टरांचं चुकलंय.

दुसऱ्या दिवशी पाळणा होता. एखाद्या खोलीएवढी काचेची डबी हळूहळू वर गेली. शहर खाली राहिलं आणि पुढे समुद्र उघडला. त्याच्यावर जहाजंच जहाजं, नजर जाईल तिथवर नांगर टाकून उभी. मथुरेला हेच आप्पांना दाखवायचं होतं. ती म्हणाली, "अवो, बघा. तिथं असायचात ना तुम्ही?"

आप्पा काचेला दोन्ही हात टेकून बघत राहिले. मग त्यांचा श्वास भरभर चालू लागला. "माझं कुठलं? ह्यातलं माझं कुठलं? मला जहाजावरून खाली कुणी आणलं?"

खाली उतरल्यावर ते सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागले. किनाऱ्यालगत एक बाक होता, त्यावर बसले. जहाजावर नेणारी लाँच येईल, म्हणाले. लाँच चुकली तर जहाज सुटेल. अक्षयाने समजावलं, मग रागावली, मग रडायला लागली. "आप्पा, अहो आपण फिरायला आलोय! हे बघा, पास. अजून पक्ष्यांचं उद्यान राहिलंय." आप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"बसूंदे त्यांना," मथुरा म्हणाली.

"अगं, पण तुला बघायचे होते ना पक्षी."

"नको. तू पाणी नि कायतरी खायला घेऊन ये जा."

अक्षया डोळे पुसत गेली. मथुरा बाकावर बसली. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. ऊन चढत होतं. बराच वेळ आप्पा समुद्राकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि अदबीने विचारलं,

"तुम्ही कुठल्या, बाई?"

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिला त्यांचा दंड धरून हलवावंसं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तिला ती पुन्हा आणायची नव्हती.

"दाभोळची," ती म्हणाली.

आप्पांचा चेहरा उजळला. "आमच्याच गावच्या की! मग आमच्या घरच्यांना ओळखत असाल. मथुरा. आमची मंडळी."

"ओळखते."

"बरी हाय ना?"

"बरी हाय."

"नि पोर?"

"पोरही बरी हाय. शाळेत जाते."

आप्पांनी समाधानाने मान हलवली. "जहाज इथं थांबलं ना, की मी कठड्याला उभा राहतो. दिवे लागतात सगळीकडं. मला दर वेळी वाटतं, हे तिला दाखवायला हवं. एकटी राबते हो ती तिकडं. आईचं सगळं तीच करते."

मथुरा त्यांच्याकडे वळून बसली. मग तिने विचारलं, "तिला बोललात का कधी?"

"नाय. बोलायचं नि मग आणता आलं नाय तर? आस लावून ठेवायची नुसती." ते जरा जवळ सरकले. "पोरीचं सगळं मार्गी लागूंदे, मग आणतो. तुम्ही सांगू नका हां तिला."

"नाय सांगत."

"मीच सांगेन."

"सांगा," मथुरा म्हणाली. "तिला बरं वाटेल."

तिने तोंड फिरवलं आणि पदराने नाक पुसलं. एवढी वर्षं तिने मनात धरलं होतं, की ह्या माणसाला समुद्रावर गेलं की घराची आठवणही नसते. तसं ती एकदा भांडणात बोलूनही गेली होती, आणि आप्पा तेव्हाही गप्प बसले होते.

अक्षया पाणी आणि पाव घेऊन आली. आप्पा पाणी प्यायले, पण बाकावरून उठेनात. ऊन कलायला लागलं, तशी मथुरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बोसन, एजंटाचा निरोप आलाय. लाँच आज नाय. आजची रात्र हॉटेलात काढायची."

"असं होय," आप्पा म्हणाले आणि निमूट उठले.

टॅक्सीत ते झोपले. अक्षयाने हळूच विचारलं, "काय बोलत होते गं तुझ्याशी?"

"गावची चौकशी करत होते."

पास त्याच संध्याकाळी संपला. पक्षी राहिले, केबलची गाडी राहिली. अक्षयाला त्याची फार हळहळ वाटली. पुढे सुजयला सांगतानाही ती म्हणाली, आईचा दुसरा दिवस फुकट गेला. मथुरेने तिला खोडून काढलं नाही.

दाभोळला आल्यावर वाडीतल्या बायका जमल्या. सिंगापूर कसं होतं? मथुरेने बागेचं सांगितलं, नदीतल्या बोटीचं सांगितलं. रस्ते किती स्वच्छ ते सांगितलं. आप्पा पडवीत बसून बायकांकडे कोण कुठल्या अशा नजरेने बघत होते. त्यानंतर चांगल्या सकाळी विरळ झाल्या. दोरी हातात दिली तरी आता ती नुसती मांडीवर पडून राहते. सिंगापूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मथुरेनेही काढलं नाही. एकदोनदा तिने मुद्दाम, धुणं वाळत घालता घालता विचारून पाहिलं, "घरी बायकोला काय सांगायचं होतं तुम्हाला?" आप्पा विचारात पडले, कष्टी झाले. मग तिने विचारणं सोडून दिलं.

सकाळी ती त्यांना पेज भरवते. परवा दोन घास घेऊन ते थांबले.

"बाई, मीठ घालायला विसरलात."

"आणते हो," मथुरा म्हणाली आणि वाटी खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली.