मेणातला बाबांचा तुकडा

ऐन मे महिन्यात मी वडिलांचा एक तुकडा पर्समध्ये घालून नागपूरहून आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथकडच्या आमच्या गावी आणला. ऐकायला भयंकर वाटतं, पण बायोप्सीचा मेणाचा ठोकळा म्हणजे तेच असतं. सुईनं काढलेली धाग्याएवढी मांसाची काडी मेणात थिजवून छोट्याशा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली. दवाखान्यातल्या माणसानं तो हातात देताना बजावलं, "उन्हापासून सांभाळा ताई, मेण आहे." आदिलाबादला निघालेल्या बाईला मे महिन्यात हे सांगणं म्हणजे निव्वळ थट्टा होती.

आमच्याकडे दुखणं मोठं झालं की पैनगंगा ओलांडून नागपूर गाठायचं, ही जुनी रीत. बाबांची लघवी अडायला लागली तेव्हा आम्हीही तेच केलं. रक्तातलं पीएसए वाढलेलं निघालं, मग बायोप्सी झाली, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर आहे असं कळलं. तोवर तेलंगण वेगळं झालं होतं, पण राज्य जुनं असो की नवं, त्याचं मोफत इलाजाचं कार्ड नदीपलीकडे महाराष्ट्रात चालेना. इलाज हैदराबादलाच करायचा होता. बाबा निजामाच्या राज्यात जन्मले, आंध्रात म्हातारे झाले आणि तेलंगणात आजारी पडले. एवढ्या उलथापालथीत त्यांचं वांग्याचं वावर मात्र होतं तिथंच राहिलं. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले आणि बेज्जूरची आत्या बसल्या जागी परजिल्ह्यातली झाली. बाबा म्हणाले, "जिल्ह्याचे तुकडे केले, आता माये बी करून राह्यले."

हैदराबादच्या सर्जननं दोन वाटा सांगितल्या. एक ऑपरेशनची, त्यानंतर काही माणसांना लघवी धरवत नाही, हेही त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. दुसरी वाट नुसतं लक्ष ठेवण्याची, कारण या वयातला असा आजार कित्येकदा गोगलगाईसारखा चालतो. बाबांचा आजार मधल्या पायरीवरचा होता. तो चालणार की धावणार, हे पीएसएवरून कळत नव्हतं. "नागपूरचा ठोकळा आणा, त्यातली दोन प्रथिनं पाहू," असं तो म्हणाला, म्हणून माझी ती फेरी.

मी ऑपरेशनच्या बाजूची होते. कॅन्सर अंगात ठेवून माणूस जेवतो-झोपतो कसा, हेच मला समजत नव्हतं. बाबांनी मात्र आडमुठेपणा धरला होता.

"कपडे वले करून बाजारात बसू का मी? कोन घेईन माये वांगे?"

"बाबा, जीव मोठा की बाजार?" मी चांगलीच तडकले.

"बाजारात बसलो नाई तं जीव घेऊन करू काय?" त्यांनी पानाची चंची उघडली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर 'प्रथिने' लिहून खाली डाळ, अंडी, दूध लिहिते आणि पुढच्या धड्याकडे वळते. त्यामुळे बाबांनी विचारलं, "प्रोटीन म्हंजे तुरीच्या दाळीत असते तेच का?" तेव्हा मी सवयीनं हो म्हणून गेले. शरीर स्वतःची प्रथिनं स्वतः घडवतं आणि त्यांतलं एखादं हरवलं तर आजार मोकाट सुटतो, हे त्यांना सांगताना मलाही ते नवीनच वाटत होतं.

हैदराबादला निघेपर्यंत ठोकळा घरात ठेवायचा होता. आईनं तो माझ्या हातून घेतला. मी दोन पिशव्यांत गुंडाळला होताच, तिनं वरून ओलं फडकं लपेटलं आणि माठाखालच्या ओल्या वाळूत बाबांच्या विड्याच्या पानांशेजारी ठेवून दिला. "पानं नाई सुकत इथं, मंग हे काऊन वितळंन?" ती म्हणाली आणि बाबांकडे वळली, "आता तुमी दोन ठिकानी हाये. खाटेवर अन् माठाखाली."

निघताना तिनं मला दारात थांबवलं. "काम झालं का परत आनजो हे. मानसानं अख्खं जावं."

"आई, रोगाचा तुकडा आहे तो."

"असू दे रोगाचा. तुया बाबाचाच हाये न."

हैदराबादच्या प्रयोगशाळेतली डॉक्टर माझ्याहून लहान होती, तेलुगू वळणाचं हिंदी बोलायची. मी जीवशास्त्राची बाई आहे हे कळल्यावर तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मेणाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप तिनं काचांवर घेतले होते. त्यांवर असं द्रावण सोडलं होतं की ते ठरावीक प्रथिनालाच चिकटतं आणि पुढं तिथंच तपकिरी रंग उमटतो. पहिलं प्रथिन लगाम धरणारं. ते गेलं की आजार सहसा धावतो. दुसरं फक्त दुभंगायच्या तयारीतल्या पेशींत असतं. म्हणजे पहिल्या काचेवर रंग हवा होता आणि दुसरीवर नको होता.

मी डोळे लावले. आधी काहीच कळेना. मग गोल, लंबुळक्या, वाकड्या ग्रंथी दिसू लागल्या आणि त्या सगळ्यांवर तुरीच्या वाळल्या शेंगेसारखा तपकिरी रंग पसरलेला दिसला. लगाम जागेवर होता. दुसऱ्या काचेवर सगळं निळं होतं, तपकिरी ठिपके कुठं कुठं, शोधावे तेव्हा सापडणारे. नदीपलीकडे मेणात थिजलेलं, कधीच मेलेलं ते मांस माझ्या बापाचं पुढं काय होईल ते सांगत होतं. मी आयुष्यभर डाळ आणि अंडी म्हणून ज्याची बोळवण केली, त्यानं माझ्यासमोर तोंड उघडलं होतं. मला रडू कोसळलं. इतकं थक्क होऊन मी त्याआधी कधी रडले नव्हते.

"हे भविष्य नाही," डॉक्टर म्हणाली. "पारडं कुठं झुकतंय, एवढंच आहे. तपासण्या चुकवायच्या नाहीत."

सर्जननं लक्ष ठेवण्याची वाट धरली. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग मी उद्या वांगे तोडतो." पुढं वर्षानुवर्षं ते पीएसए तपासायला कुरकुरत गेले आणि बाजारात कोरड्या धोतरानं बसले. ठोकळा मी परत आणला होता. उद्या नवं प्रथिन सापडलं तर हाच पुन्हा वाचता येईल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून तो माठाखालीच राहिला.

बाबा गेले ते हृदयानं, हिवाळ्यात, आठवड्याचा बाजार आटोपून आल्यावर. अंगणात तिरडी बांधत होते तेव्हा आई फडक्यातून ठोकळा घेऊन आली. तो ठेवून घ्यावा असं माझ्या फार मनात आलं. बाबांचं एवढंच तर उरणार होतं, आणि त्यात अजून काय काय वाचायचं राहिलं होतं कुणास ठाऊक. पण मी हात पुढं केला नाही. आईनं ठोकळा त्यांच्या पानाच्या चंचीत घातला, आणि बाजाराला निघताना ते जिथं चंची खोचायचे, तिथं कमरेला ती खोचली.

"घ्या," ती म्हणाली. "आता अख्खे झाले."