मेंदी उतरेपर्यंत

“साखरपुडा झाला, आता पिक्चर-बिक्चर बंद! सांग तुझ्या मैत्रिणीले, आज काय ते उरकून घे.” चौबे कॉलोनीतल्या घरी माझ्या हिरोइनची आई तिला आत बजावत होती आणि मी हॉलमध्ये फोन स्टँडला लावत होते. आम्ही मैत्रिणींनी वर्षभर रविवारी शूट केलेल्या सिनेमाचा शेवटचा सीन तेवढा राहिला होता. ती बाहेर आली तर हात कोपरापर्यंत मेंदीने लाल, आणि आधीच्या सीनमध्ये ते कोरे होते. “पूरी बाँह का कुर्ता पहन लूँ?” तिने विचारलं. “और उँगलियाँ?” मी म्हटलं. “तो तू बोल ना मम्मी से, मेहंदी उतरने पर एक दिन और दे दे.” तिच्या आईला सांगायला मी मनात इंग्रजीत अख्खं भाषण जुळवलं. तेवढ्यात काकू पेढे घेऊन आल्या. तो सीन आजतागायत झालेला नाही. त्या दिवशी पेढा हातात धरून मी एवढंच म्हणाले, “बधाई हो, आंटी.”