आप्पांचे उणे रान आणि साळवे सर

१२ जून १९६६, रविवार, सकाळचे साडेअकरा. शिरूरच्या मिशन शाळेत श्री. भास्करराव साळवे सरांची नजर माझ्या कागदावरून फिरली, एका ओळीवर थांबली आणि पुढे गेली. सर काही बोलले नाहीत. आमची खरी ओळख झाली ती अशी. सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सुरुवात गोड असावी असे सुचवले होते. माझ्याकडे गोड सुरुवात नाही.

सर दौंडचे. आठवडाभर पुण्यात एका संस्थेच्या संगणकावर काम करायचे आणि रविवारी बसने शिरूरला येऊन, चर्चची उपासना आटोपली की, आम्हा काही जणांना फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकवायचे. संगणक आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. आम्ही कागदावर हुकूम लिहायचो, सर ते पुण्याला नेऊन कार्डांवर छिद्रांच्या रूपात टोचून घेत आणि उत्तर पुढच्या रविवारी छापून येई.

त्या भाषेबरोबर तयार गणितांचा एक संच मिळे, त्याला लायब्ररी म्हणत. वर्गमूळ, साइन, कोसाइन. नाव लिहा, कंसात आकडा द्या, उत्तर हजर. काही नवशिके लायब्ररीकडे न बघता वर्गमूळ स्वतः काढत बसत. त्यांना सर म्हणत, “गावात विहीर असताना अंगणात दुसरी खणू नका.” काही मात्र नाव दिसले की लगेच हात घालत. त्यांत मी होते.

शाळेला दूध घालणारे निमोण्याचे आप्पा यांचे एक रान तिकोनी होते. त्याच्या दोन बाजू आणि मधला साठ अंशांचा कोन घेऊन मी क्षेत्रफळाचे गणित मांडले. त्या कागदावर माझे बरेच काही अवलंबून होते. सर आमच्यातल्या एकाचे नाव पुण्याच्या आपल्या संस्थेतल्या नोकरीसाठी सुचवणार होते, आणि वडिलांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेतली मास्तरणीची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती.

पुढच्या रविवारी सरांनी छापील उत्तर माझ्या हाती देऊन मोठ्याने वाचायला सांगितले. क्षेत्रफळाच्या आधी उणे चिन्ह होते. आप्पा मुद्दाम ऐकायला आले होते.

“म्हंजी बाई, मीच कुणाला तरी जमीन देणं लागतो व्हय?”

“यंत्र तसं म्हणतंय, आप्पा.”

“मग आमचा भाऊबंद बरा. त्यो निदान बांधच कोरतो.”

वर्ग हसला. सरांनी आम्हाला आधीच दिलेल्या लायब्ररीच्या पुस्तिकेचे पान उघडून दिले. लायब्ररीतल्या साइनला कोन अंशांत चालत नाही, रेडियनमध्ये लागतो. माझे साठ अंश यंत्राने साठ रेडियन समजून घेतले होते, आणि त्या कोनाचा साइन उणे येतो.

“हे तुम्हाला गेल्या रविवारीच दिसलं होतं,” मी म्हणाले.

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“पानावर लिहिलेलं होतं, बाई. वाचाल असं वाटलं.”

त्यावर मी जे बोलले ते कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेले नव्हते. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले. त्यांनी आवाज चढवलेला मी आजवर ऐकलेला नाही, आणि कालच्या पोरीलाही ते ‘तुम्ही’च म्हणत आले आहेत.

कागद मी तिथेच दुरुस्त करून सरांकडे दिला आणि त्या आठवड्यात पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. कोणते गणित काय मागते आणि काय परत देते, ते पाहिले. पण यंत्रावर आमच्या वर्गाची पुढची पाळी महिना उलटल्यावर होती. तरीही माझा दुरुस्त कागद लगेचच्या रविवारी छापून आला. रान या वेळी धन होते. आप्पांनी मान डोलावली आणि बांधाकडचा तुकडा कमी धरलाय म्हणून कुरकुर केली. मी पुण्याला गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. सरांनी आपल्या स्वतःच्या कामाची पाळी मला दिली होती, त्यापायी त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध लांबला, हे मला बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याकडून कळले. सरांनी तेही सांगितले नव्हते.

या ग्रंथात इतरांनी सरांच्या मौनाला अध्यापनकौशल्य म्हटले आहे. मी म्हणत नाही. एक वाक्य बोलले असते, तर माझे हसे टळले असते आणि सरांची पाळीही वाचली असती. तोंडी विचारले की सर चहा मागवतात. म्हणून आज, त्यांच्या पंचाहत्तरीला, सर्वांसमक्ष विचारते : का बोलला नाहीत? उत्तर लेखी हवे, सहीनिशी, येत्या गुढीपाडव्याच्या आत. ते मला पटणार नाही. मी ते खोडून काढीन, सरांनी फिरून लिहावे, आणि हा पत्रव्यवहार त्यांची शंभरी उलटली तरी चालू राहावा. त्याला लागणारी प्रकृती आणि नजर त्यांनी सांभाळायचीच आहे. पाडव्यानंतर आलेले उत्तर स्वीकारले जाणार नाही.